संप न करणाऱ्यांची पेन्शन

मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा शाळेतल्या पोरांच्याही तोंडी बसली होती. १४ तारखेला सुरू झालेला संप २० तारखेला मिटला. त्या सात दिवसांत शाळांना कुलपं होती, कार्यालयं ओस पडली होती, सरकारी दवाखान्यांत रुग्ण ताटकळत होते. मोर्चे निघत होते आणि मोर्च्यांच्या दोन्ही बाजूंना खाकीतली माणसं उभी होती. त्यांतले तरणे चेहरे पाहिले की कळत होतं, ही मंडळी २००५ नंतरच्या भरतीतली. म्हणजे मोर्चा ज्या पेन्शनसाठी निघाला होता, ती त्यांनाही नव्हती. घोषणा देणाऱ्या लिपिकाचा फार तर सात दिवसांचा पगार कापला गेला असता. तीच घोषणा खाकीतल्या माणसानं दिली असती, तर त्याची नोकरी गेली असती, कदाचित तो कोठडीतही गेला असता.

मला या दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे. पोलिसाच्या पेन्शनला कात्री लावणं चूक होतं आणि ती कपात मागे घेतली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांची बाजू मी इथे मांडणार नाही. ती मांडायला त्यांच्या संघटना समर्थ आहेत. पोलिसाला संघटनाच नाही, म्हणून त्याचं प्रकरण वेगळं काढून बघायला हवं.

माझा या विषयाशी संबंध घरातला आहे, ते आधीच सांगून टाकतो. मी पुंडलिकनगरात राहतो. वडील २००९ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. मावसभाऊ २००८ साली शिपाई म्हणून भरती झाला. दोघांच्या भरतीत चौतीस वर्षांचं अंतर आहे. खाकी तीच, रात्रपाळी तीच, गणपतीच्या दहा दिवसांत घरी न येणंही तेच. मात्र वडिलांच्या खात्यावर दर महिन्याला पेन्शन पडते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते, आणि उद्या ते नसले तरी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. मावसभावाच्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे. ते उघडलं की त्याच्या खात्यातल्या युनिटांची त्या दिवसाची किंमत दिसते. बाजार पडला की तो दोन दिवस ॲप उघडत नाही.

दोघांच्या मधली रेघ ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयानं ओढली. १ नोव्हेंबर २००५ पासून किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत येणाऱ्याला १९८२ चे निवृत्तिवेतनाचे नियम लागू नाहीत. त्याच्यासाठी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे डीसीपीएस. त्यानं मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के भरायचे, तेवढेच सरकारनं घालायचे आणि शेवटी जे साठेल ते त्याचं. २०१५ साली ही योजना केंद्राच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, एनपीएसमध्ये विलीन झाली. २०१९ साली सरकारचा वाटा चौदा टक्के झाला. मार्च २०२४ मध्ये 'सुधारित' राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं यूपीएस आणल्यावर दुसऱ्याच दिवशी आपल्या मंत्रिमंडळानं तीही स्वीकारली. (आमच्या गल्लीत यूपीएस म्हटलं की कॉम्प्युटरखालची बॅटरी आठवते, लाईट गेल्यावर दहा मिनिटं चालणारी.) आमच्या शहराचं एकदा नाव बदललं, तर केवढा गदारोळ झाला. पेन्शनचं नाव चार वेळा बदललं, त्याची कुठे फारशी चर्चाही नाही.

ज्याला कपात म्हणतोय ती किती, ते साध्या आकड्यात मांडतो. हवालदार होऊन निवृत्त होणाऱ्या माणसाचं शेवटचं मूळ वेतन हिशेबापुरतं ६०,००० रुपये धरू. जुन्या नियमानं त्याचं निम्मं, ३०,००० रुपये, ही पेन्शन. त्यावर महागाई भत्ता. तो पन्नास टक्के धरला तर ४५,०००, आणि पुढे जसा भत्ता वाढेल तशी वाढ. आता एनपीएस. त्याच माणसाच्या खात्यात, आजच्याच भावात, ४० लाख रुपये जमले असं धरू. त्यातले साठ टक्के, म्हणजे २४ लाख, त्याच्या हातात येतात. उरलेल्या १६ लाखांची वार्षिकी विमा कंपनीकडून घ्यावीच लागते. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला १,०४,०००, महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास. तो म्हणाला की मला रोख नको, सगळीच्या सगळी रक्कम वार्षिकीत घाला, तरी महिन्याला २१,७०० च्या पुढे जात नाही. आणि त्या आकड्याला महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवढी रक्कम, तेवढीच पंच्याहत्तराव्या वर्षी. त्या वयात औषधांचा खर्च कुठे जातो, हे ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना सांगायला नको.

कुणी म्हणेल, २४ लाख हातात आले ते कसे विसरता? विसरत नाही. पण पोलिसाच्या घरात निवृत्तीच्या दिवशी २४ लाख येतात तेव्हा काय होतं, हेही पाहिलं आहे. मुलीचं लग्न, मुलाच्या कॉलेजची फी, घरावरचं कर्ज, गावाकडच्या भावाचं देणं. सहा महिन्यांत वही कोरी. जुन्या योजनेतही एकरकमी पैसा मिळायचा. उपदान होतं आणि पेन्शनचा काही भाग विकता यायचा. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, आमच्याकडे सरळ 'पेन्शन विकली' म्हणतात. पण जास्तीत जास्त चाळीस टक्केच विकता येते आणि पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. माणूस गरजेपोटी सगळंच विकून बसेल, हे त्या जुन्या नियमकर्त्यांना कळत होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २००५ ला पोलिसाला तलाठी, शिक्षक, लिपिक यांच्याच रांगेत उभं करण्यात आलं. सगळे सरकारी नोकर, सगळ्यांना एक नियम. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण बाकी कुठल्या बाबतीत पोलीस या रांगेत असतो?

राज्यघटनेचं ३३ वं कलम संसदेला अधिकार देतं की सैन्यदलं आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दलं यांच्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करता येतील. सैनिक आणि पोलीस तिथे शेजारी शेजारी बसलेत. त्याच कलमाच्या आधारे १९६६ साली पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेत जाता येत नाही, वृत्तपत्रांशी बोलता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा आहे आणि त्याचं २८ वं कलम सांगतं की पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जाईल. सदैव! आठ तासांची पाळी हा त्याच्यासाठी प्रयोग असतो, तो २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात करून बघावा लागतो. तलाठ्याला कोणता कायदा सदैव कर्तव्यावर मानतो?

म्हणजे हक्क काढून घ्यायची वेळ आली की पोलीस सैनिकासारखा, आणि पेन्शनची वेळ आली की कारकुनासारखा. केंद्रानं १ जानेवारी २००४ पासून एनपीएस आणली तेव्हा भूदल, नौदल, हवाईदल यांना त्यातून वगळलं. ते योग्यच होतं. जो माणूस नोकरी सोडून जाऊ शकत नाही, मागणीसाठी काम थांबवू शकत नाही, जिवावरचं काम नाकारू शकत नाही, त्याच्या म्हातारपणाचा धोका राज्यानं आपल्या अंगावर घ्यायचा असतो, हा त्यामागचा विचार. हाच विचार शिपायाला का लागू होत नाही, याचं उत्तर मला वीस वर्षांत कुठल्याही सरकारी कागदात सापडलेलं नाही. निमलष्करी दलांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयानं ११ जानेवारी २०२३ ला म्हटलं की ही संघराज्याची सशस्त्र दलंच आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्या. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली. ते प्रकरण जेव्हा सुटेल तेव्हा सुटेल. राज्याच्या पोलिसाचा प्रश्न तर तिथवर पोचलेलाही नाही.

संघटना का नाही, याला इतिहास आहे. एकेकाळी महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. मागण्या होत्या घरांच्या, कामाच्या तासांच्या, वागणुकीच्या. १८ ऑगस्टला पहाटे संघटनेच्या नेत्यांना अटक झाली आणि मुंबई पेटली. पोलीसच रस्त्यावर आले, लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. संघटनेची मान्यता गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. वडील त्या वेळी मराठवाड्यात एका लहानशा ठाण्यात होते. मुंबईचं काय झालं ते त्यांना रेडिओवरून कळलं आणि त्यानंतर नोकरीत असेपर्यंत त्यांनी 'मागणी' हा शब्द घरातसुद्धा हळू आवाजात उच्चारला. त्या दिवसांत जी लूट, जी मोडतोड झाली, तिचं समर्थन कुणीच करणार नाही. पण त्या अठरा ऑगस्टनंतर राज्यानं पोलिसाशी एक अलिखित सौदा केला होता. तू तोंड उघडायचं नाहीस, आम्ही तुला शेवटपर्यंत बघू. पोलिसानं आपली बाजू आजवर पाळली आहे.

योगायोग असा की त्याच १९८२ साली राज्याचे निवृत्तिवेतनाचे नियम आले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्याचा निकाल दिला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीनं दिलेली बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे, आणि नुसत्या निवृत्तीच्या तारखेवरून एकाच वर्गातल्या पेन्शनधारकांत भेद करता येणार नाही. निकाल न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिला. १७ डिसेंबर हा आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. सरकारी वकील म्हणतील की नकाराचा निकाल आधीच पेन्शनमध्ये असलेल्यांसाठी आहे, नव्यानं येणाऱ्याला वेगळ्या अटी घालायला सरकार मोकळं आहे. कायद्यानं हे बरोबर असेल. पण एकाच ठाण्यात, एकाच गाडीत, एकाच दगडफेकीत उभ्या असलेल्या दोघांना वेगळं म्हातारपण द्यायला जाहिरातीची तारीख हे कारण मला पुरत नाही. आणि तारखेची ही रेघ किती तकलादू आहे ते सरकारनं स्वतःच दाखवलं. ज्यांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती पण नेमणूक नंतर झाली, अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना २०२४ च्या सुरुवातीला जुनी पेन्शन घेण्याची मुभा दिली गेली. रेघ सरकवता येते, हे त्यातून सिद्ध झालं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग येतो तो कुटुंब निवृत्तिवेतनाच्या गोष्टीचा. म्हातारपणाची पेन्शन दूर असते, विसरता येते. मरण दूर असेलच असं नाही. डीसीपीएस आली तेव्हा नोकरीत असताना मेलेल्या माणसाच्या बायकोला काय मिळणार, याची धड सोय त्यात नव्हती. खात्यात जमलं असेल ते. तीन वर्षांची नोकरी झाली असेल तर किती जमणार? केंद्रानं आपल्या एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना २००९ सालीच ही सोय दिली. महाराष्ट्रानं दिली नाही. २०१८ मध्ये दहा लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं, तेही सेवेची दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत माणूस गेला तर. म्हणजे अकराव्या वर्षी गेलेल्याच्या घरच्यांनी काय समजायचं? उशीर केला? शेवटी मार्च २०२३ चा संप झाला, आणि ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं एनपीएसवाल्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन आणि उपदान मिळालं. साडेसतरा वर्षांनी.

या तारखेच्या आदल्या दोन दिवसांत आमच्या शहरात काय चाललं होतं? २९ मार्चच्या रात्री किराडपुऱ्यात दंगल उसळली. रामनवमीच्या आदली रात्र. पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, पोलीस जखमी झाले. ज्या शिपायांनी ती रात्र काढली, त्यांच्यातल्या नव्या भरतीवाल्यांच्या बायकांना त्या रात्री कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क नव्हता. तो दोन दिवसांनी आला, आणि तो आणला शिक्षकांनी, परिचारिकांनी, लिपिकांनी, संप करून. ज्यांच्या मोर्च्यापुढे पोलीस काठी घेऊन उभे होते त्यांनी पोलिसांच्या बायकांचा प्रश्न सोडवला. याबद्दल त्या संपकऱ्यांचे आभार मानायला हवेत. पण पोलिसाचा हक्क असा दुसऱ्याच्या संपाच्या पदराला बांधून येणार असेल, तर दुसऱ्याचा संप मोडला की त्याचाही हक्क मोडला.

दंगलच कशाला. २०१८ च्या जुलैत मराठा आरक्षणाच्या आंदोलनात कायगाव टोक्याला बंदोबस्तावर असलेला एक पोलीस कर्मचारी तिथेच गेला. करोनात राज्यातले तीनशेहून जास्त पोलीस गेले. त्यांच्यासाठी विशेष मदत जाहीर झाली, ती दिलीच पाहिजे होती. पण विशेष मदत ही बातमी होण्याजोग्या मरणाला मिळते. बंदोबस्तावरून घरी आल्यावर छातीत कळ येऊन गेलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या हवालदाराचं मरण बातमी होत नाही. त्याच्यासाठी नियम लागतो.

पुंडलिकनगरात राहणाऱ्याला पेन्शन म्हणजे काय ते कुठल्या अहवालातून शिकावं लागत नाही. हा भाग गुंठेवारीतला. वीस बाय तीसचे प्लॉट, बॉन्डवर घेतलेले, एकावर एक चढवलेले मजले, नळाला आठवड्यानं पाणी. यातली कितीतरी घरं उपदानाच्या पैशावर उभी आहेत: एसटीतला चालक, शाळेतला शिपाई, महावितरणचा तारवाला, पोलीस. एसटीवाल्याची पेन्शन तर हजार-दोन हजारांची थट्टा आहे, तो निवृत्त झाला की दुसऱ्या महिन्यात कुठेतरी वॉचमन म्हणून लागतो. ज्याला खरी पेन्शन आहे तो मात्र गल्लीचा आधार असतो. किराणा दुकानदार त्याची उधारीची वही डोळे झाकून चालू ठेवतो, कारण महिना सरला की पैसे येणार हे त्याला माहीत असतं. नातवाची फी तो भरतो. गावाकडे पाऊस दगा देतो त्या वर्षी बियाण्याचे पैसे त्याच्याकडूनच जातात. आमच्या वडिलांच्या पेन्शनवर गेल्या सोळा वर्षांत एक बोअर, दोन लग्नं आणि एका चुलत बहिणीचं नर्सिंग झालं. नोव्हेंबर आला की गल्लीतले सगळे म्हातारे हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जातात. आपण जिवंत आहोत हे कागदावर लिहून द्यायला जाताना ती माणसं इस्त्रीचे कपडे घालतात, हे मी लहानपणापासून बघतोय.

यावरून त्या आक्षेपाकडे यायला हवं, जो मराठवाड्यात सगळ्यांत जड आहे. शेतकऱ्याला कोण पेन्शन देतं? हा प्रश्न माझ्या काकांनी वडिलांना तोंडावर विचारलेला आहे, आणि ज्या भागात दरवर्षी माणसं फास लावून घेतात तिथे तो विचारायचा हक्क काकांना आहे. पण पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे चारला उभी असलेली पोरं कुणाची असतात? जालन्याच्या, बीडच्या, पैठणच्या कोरडवाहू शेतकऱ्यांचीच. पाच एकरांत दोन भाऊ जगत नाहीत म्हणून एकाला खाकी घालायला पाठवलं जातं. त्याची पेन्शन कापून वाचलेला पैसा शेतकऱ्याच्या खात्यात गेल्याचं गेल्या वीस वर्षांत मला तरी दिसलं नाही. शेतकऱ्याला पेन्शन नाही याचा उपाय शेतकऱ्याला पेन्शन देणं हा आहे. एकाचं छप्पर गळतं म्हणून शेजाऱ्याचे पत्रे काढून नेल्यानं दोघेही भिजतात.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. त्या वेळी ते अर्थमंत्री होते आणि गृहमंत्रीही होते. म्हणजे पोलिसांचा मंत्री आणि तिजोरीचा मंत्री एकच माणूस, आणि सभागृहात बोलला तो तिजोरीचा मंत्री. पुढच्याच महिन्यात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या, जुनी पेन्शन हाच प्रचाराचा मुद्दा झाला आणि नकाराचा सूर बराच मऊ पडला. यात एकाच पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही. २००५ ला कात्री चालवली ती विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळानं, जयंत पाटील अर्थमंत्री आणि आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. आबा पोलिसांच्या घरांबद्दल, भरतीबद्दल मनापासून बोलायचे, पण पेन्शनच्या बाबतीत त्यांचं खातंही गप्प राहिलं.

तो बोज्याचा आकडा सगळ्या कर्मचाऱ्यांचा आहे. संपावर गेले ते सतरा लाखांच्या घरात सांगितले जात होते. महाराष्ट्राचं पोलीस दल दोन लाखांच्या आसपास, आणि त्यातले जुने लोक आधीच जुन्या पेन्शनमध्ये आहेत. केवळ पोलिसांपुरता हिशेब मांडला तर रक्कम मोठीच असेल, पण ती दिवाळखोरीची नसेल. शिवाय सरकार आज चौदा टक्के दर महिन्याला रोख बाजारात पाठवतंय. जुन्या पेन्शनमध्ये तेवढे पैसे आज हातात राहतात, खर्च तीस वर्षांनी येतो. हे राज्यकर्त्यांना मोहात पाडणारं आहे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच पोलिसांच्या पेन्शनसाठी वेगळा निधी बाजूला काढा असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पैसा कुठे ठेवायचा हे अर्थखात्यानं ठरवावं. बाजार पडला तर झळ कुणाला, एवढ्यापुरतं माझं भांडण आहे.

आणि तिजोरीची एवढी काळजी असेल तर एका पेन्शनचा उल्लेख टाळता येत नाही. विधानसभेत किंवा परिषदेत जाऊन आलेल्या माजी आमदाराला महिन्याला ५०,००० रुपये पेन्शन आहे, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० रुपये जादा. त्यासाठी खात्यात युनिटं नाहीत, वार्षिकी नाही, अठ्ठावन्न वर्षांची अट नाही. नोव्हेंबर २००५ नंतर निवडून आलेल्या आमदारांना ती बंद झाली, असं ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप कुणी लिहीत नाही, पण चहाच्या टपरीवर पहिला तोच येतो. 'पोलिसाला कशाला पेन्शन? वरचं कमी आहे का?' याला चिडून उत्तर देता येतं, पण प्रश्न खरा आहे, म्हणून नीट देतो. पैसे खाणारे पोलीस आहेत. ते कोण हे ठाण्याच्या पायरीवर बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण १९८२ च्या नियमांत दोन कलमं आहेत. २६ वा नियम सांगतो की पेन्शन पुढील चांगल्या वर्तणुकीवर अवलंबून आहे. २७ वा नियम सरकारला अधिकार देतो की सेवाकाळातलं गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर निवृत्तीनंतरही पेन्शन रोखता येईल, काढून घेता येईल. माझ्या वडिलांच्या पिढीतले पोलीस 'पेन्शन जाईल' या दोन शब्दांना निलंबनापेक्षा जास्त भ्यायचे. निलंबन परत घेतलं जातं. पेन्शन गेली की बायकोचंही गेलं. आता त्या जागी एक खातं आहे, ज्यात माणसाचे स्वतःचे पैसे आहेत, आणि शेवटी साठ टक्के उचलून तो मोकळा. प्रामाणिक राहण्याचं सर्वांत मोठं व्यवहारी कारण राज्यानं स्वतःच्या हातानं कमी केलं, आणि उरलेल्या तीस वर्षांच्या म्हातारपणाची तजवीज ज्याची त्यानं करावी असं सांगितलं. वाळूच्या ट्रकपाशी रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या शिपायाला हे सांगणं शहाणपणाचं आहे का?

नव्या योजनांनी प्रश्न मिटला असं म्हणणारे आहेत. सुधारित योजना काय, यूपीएस काय, 'शेवटी निम्मा पगार मिळणारच की.' ही माघार आहे हे खरं, आणि ती संपामुळे झाली. पण यूपीएसची अक्षरं वाचून बघा. निम्मं वेतन मिळतं ते पंचवीस वर्षं पूर्ण झाली तर, त्याखाली प्रमाणात. दहा टक्के वर्गणी चालूच. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पैसे सुरू होतात ते मूळ निवृत्तीच्या वयापासून. खात्यातून मोठी रक्कम उचलली तर पेन्शन त्या प्रमाणात खाली. गुडघे गेले, साखर वाढली, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली म्हणून बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडणारा पोलीस सहा वर्षं काय खाणार? जुन्या नियमात वीस वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याची पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होत होती. सैन्यात शिपाई पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो, कारण शरीराला मर्यादा असते हे तिथे मान्य आहे. इथे अठ्ठावन्नापर्यंत तोच माणूस जमावाच्या मागे पळायचा.

आणि जे जुन्या पेन्शनमध्ये आहेत त्यांनीही निर्धास्त राहू नये. केंद्राच्या २०२५ च्या वित्त अधिनियमात निवृत्तिवेतनाविषयी एक भाग घालण्यात आला. पेन्शनधारकांत निवृत्तीच्या तारखेवरून भेद करण्याचा अधिकार केंद्राला आहे आणि तो पूर्वीपासूनच होता, असं त्यात पूर्वलक्षी प्रभावानं म्हटलंय. सरकार म्हणतं, सध्याच्या पेन्शनमध्ये काही बदल नाही. मग कायदा कशाला? त्याच वर्षी आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा ठरली. निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष आहेत. त्यात वर्गणीविना असलेल्या पेन्शन योजनांच्या, निधी नसलेल्या खर्चाचा विचार करायला सांगितलं आहे. वर्गणीविना म्हणजे जुनी पेन्शन. दिल्लीत जे ठरतं ते दोन-तीन वर्षांत मुंबईच्या शासन निर्णयात मराठीत उतरतं, हा आजवरचा अनुभव आहे. एनपीएसही तशीच उतरली होती.

राज्याला यात दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे. त्यातली दुसरी नोंद पोलीस, बेचाळिसावी नोंद राज्याची निवृत्तिवेतनं. दोन्ही विषय मुंबईचे. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी जुनी पेन्शन परत आणायचं ठरवलं तेव्हा एनपीएसमध्ये अडकलेले पैसे परत मिळेनात, ही अडचण खरी आहे. पण ते पैसे शिपायाच्या खात्यात तसेच राहू द्यावेत, निवृत्तीच्या वेळी हिशेबात धरावेत, असा मार्ग काढता येतो. पोलीस शिपायापासून पोलीस निरीक्षकापर्यंतच्या दलाला सैन्याप्रमाणे एनपीएस आणि यूपीएसमधून वगळायचं, १९८२ चे नियम लागू करायचे, आणि नियम २६ व २७ सकट लागू करायचे. एक शासन निर्णय पुरे. २००५ ला तरी कुठे जास्त लागलं होतं?

२००६ च्या भरतीत तिसाव्या वर्षी लागलेला शिपाई २०३४ ला अठ्ठावन्नाचा होईल. त्याच्या मागोमाग दर वर्षी हजारोंची तुकडी. तोवर राज्यात दोन विधानसभा निवडणुका होतील, आणि त्या दोन्हींच्या बंदोबस्ताला हीच माणसं असतील.